जुन्या मॅन्युअल लेन्स मिररलेसवर लावताय? या चुका टाळा

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतं आणि खाली एकच ओळ असते, "दादा, ही लेन्स सॉफ्ट निघाली का?" सॉफ्ट म्हणजे फोटो धारदार न देणारी. आणि बहुतेक वेळा लेन्सला काहीच झालेलं नसतं. लेन्स पन्नास वर्षांपूर्वीची, सगळी धातूची, काच स्वच्छ, रिंग लोण्यासारखी फिरतेय, आणि तिच्यावर खापर फुटतंय. दोष असतो जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या मधल्या त्या अॅल्युमिनियमच्या नळीत, म्हणजे अॅडाप्टरमध्ये, नाहीतर कॅमेऱ्याच्या मेनूत, नाहीतर घाईत. तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. माझ्याकडे मायक्रो फोर थर्ड्सची (छोट्या सेन्सरचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा) बॉडी आहे आणि लेन्स जास्त करून एम४२ च्या, म्हणजे ४२ मिमी आट्यांच्या, स्क्रूवाल्या, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, पण सोनी-फुजीच्या एपीएस-सी (थोडा मोठा सेन्सर) वाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

सगळ्यात मोठी चूक: अॅडाप्टरवर डोळे मिटून विश्वास

हे जरा नीट समजून घ्या, कारण निम्मी दुखणी इथेच आहेत. एम४२ लेन्स ज्या कॅमेऱ्यांसाठी बनल्या त्यात माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी असायचं. मायक्रो फोर थर्ड्समध्ये माउंटपासून सेन्सर १९.२५ मिमीवर आहे. म्हणजे अॅडाप्टरची जाडी बरोब्बर २६.२१ मिमी हवी, बाकी त्याचं काही काम नाही, आत काच नाही, काही नाही. (सोनी ई ला १८ मिमी, म्हणजे अॅडाप्टर २७.४६. फुजी एक्सला १७.७, म्हणजे २७.७६.) आता लोकांना वाटतं नळीच तर आहे, स्वस्तातली घेतली तर काय बिघडलं. बिघडतं ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात बिघडतं आणि डोळ्याला दिसत नाही.

माझंच सांगतो. पहिली लेन्स हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२ (एफ/ म्हणजे अॅपर्चरचा, लेन्समधल्या प्रकाशाच्या भोकाचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं भोक), तिच्यावर वर्षभर पोर्ट्रेट काढले, मस्त. मग सुपर-ताकुमार २८ मिमी एफ/३.५ घेतली, खास ट्रेकसाठी, आणि हरिश्चंद्रगडावर घेऊन गेलो. पहाटे कोकणकड्यावर पोचलो, ढग खाली उतरलेले, असं हवामान वारंवार मिळत नाही, आणि मी फोकसची रिंग इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला, टेकवून पन्नास-साठ फोटो काढले. छोट्या स्क्रीनवर छान दिसत होते. घरी येऊन मोठे करून बघितले तर पुढ्यातलं गवत धारदार आणि समोरचे डोंगर पुसल्यासारखे. एफ/८ ला काढलेलेसुद्धा. मी ठरवून टाकलं की लेन्स खराब आहे, कारण हेलिओस त्याच अॅडाप्टरवर व्यवस्थित चालत होती, म्हणजे अॅडाप्टर ठीकच असणार ना? ताकुमार पडेल त्या किमतीला विकून टाकली. तीन महिन्यांनी दुसरी, वेगळ्या कंपनीची २८ मिमी घेतली, आणि हिचंही तेच.

तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. भोसरीला एका मित्राचं वर्कशॉप आहे, त्याच्याकडे मायक्रोमीटरखाली अॅडाप्टर धरला तर २६.४० भरला. ०.१९ मिमी जाड. एवढ्याने काय होतं? साधा हिशोब आहे, फोकल लेंथचा (लेन्सवर लिहिलेल्या मिमीचा) वर्ग करा आणि त्याला जाडीतल्या फरकाने भागा. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४, भागिले ०.१९, साधारण ४१०० मिमी. म्हणजे रिंग इन्फिनिटीला टेकली तरी लेन्स फोकस करतेय फक्त चार मीटरवर! तेच हेलिओसला लावा, ५८ चा वर्ग ३३६४, सतरा-अठरा मीटर. पोर्ट्रेटला दोन मीटरवर उभा राहणारा माणूस, त्याला सतरा मीटरची मर्यादा कधी कळणार? १३५ मिमीला तर ९५ मीटरच्या पुढे जाते. म्हणून "माझी दुसरी लेन्स याच अॅडाप्टरवर चालते" हा पुरावा अजिबात धरू नका. वाइड, म्हणजे कमी मिमीची लेन्सच अॅडाप्टरची खरी परीक्षा घेते.

मित्राने लेथवर चढवून तोंडाकडचा भाग पाव मिमीच्या आत घासून दिला, २६.१८ वर आणला, आणि आजही तोच अॅडाप्टर वापरतो. विकलेली ताकुमार मात्र परत मिळाली नाही, तिचं मला आजही वाईट वाटतं.

माझी सवय आता अशी आहे, नवा अॅडाप्टर आला की आधी गच्चीवर जायचं, असेल ती सगळ्यात वाइड लेन्स लावायची, अॅपर्चर पूर्ण उघडं, लांबचा मोबाइल टॉवर, स्क्रीनवर दहापट झूम. टॉवरच्या जाळीच्या पट्ट्या टोकदार व्हायच्या आधीच रिंग अडली तर अॅडाप्टर जाड आहे, परत करा. टोकदार होऊन थोडी पुढे गेली तर उत्तम, बरेच अॅडाप्टर मुद्दाम किंचित कमी जाडीचेच बनवतात. काहींच्या माउंटखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्या काढून-घालून जमवता येतं, पण हात स्थिर असेल तरच. आणि हो, अॅडाप्टर पातळ असेल तर इन्फिनिटीच्या खुणेवर टेकवून फोटो काढायचे नाहीत, तिथे फोकस इन्फिनिटीच्याही पलीकडे गेलेला असतो. लेन्सवरचे मीटरचे आकडे मिररलेसवर अंदाजापुरते. डोळ्याने बघून फोकस करा.

याचीच धाकटी बहीण म्हणजे अॅडाप्टर न तपासता लेन्स उघडणं. नात्यातला एक मुलगा, इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, पण व्हिडिओ बघून बसला हेलिओस खोलायला, का तर इन्फिनिटी येत नाही म्हणून. फोकसचे आटे वेगळे केले आणि ते नेमके कुठे सुटले त्याची खूणच केली नाही. त्या आट्यांना अनेक तोंडं असतात, चुकीच्या तोंडात बसवलं की लेन्स बसते, फिरते, पण फोकस कुठेतरी तिसरीकडेच. तो डब्यात सुटे भाग घेऊन माझ्याकडे आला, दोन रविवार गेले. आणि मूळ दोष? अॅडाप्टर. उघडायचीच असेल तर आधी पेन्सिलने किंवा टोकदार सुईने खूण करा, फोटो काढत जा, आणि पहिली लेन्स पाचशे रुपयांची भंगारातली घ्या शिकायला. चांगल्या लेन्सवर हात साफ करू नका, त्या आता बनत नाहीत.

दुसरी मोठी: दुधाळ फोटो आणि "लेन्समध्ये हेझ आहे"

हेझ म्हणजे लेन्सच्या आतल्या काचेवर धरलेला धुरकट थर. ही चूक खास छोट्या सेन्सरवाल्यांची. जुनी लेन्स ३६ बाय २४ मिमीच्या फिल्म फ्रेमसाठी प्रकाश पाडते. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ बाय १३, म्हणजे त्या फ्रेमच्या साधारण चौथ्या भागाएवढा. मग उरलेला प्रकाश जातो कुठे? अॅडाप्टरच्या आतल्या भिंतीवर. आणि ती भिंत जर चकचकीत काळी असेल तर तिथून उडून सेन्सरवर. फोटोवर पांढरट पडदा, काळा रंग राखाडी.

बहिणीच्या साखरपुड्यात खिडकीपाशी काढलेले माझे सगळे फोटो असे आले होते. मी हेलिओस साफ करायला दिली, पैसे दिले, परत आली तीही तशीच. साफ करणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की आत काही नव्हतं, मीच ऐकलं नाही. मग एकदा लेन्स काढून नुसता अॅडाप्टर डोळ्याला लावून खिडकीकडे बघितलं, आतून स्टीलच्या पेल्यासारखा चमकत होता.

उपाय दहा मिनिटांचा. चिकट पाठीचा काळा मखमली कागद मिळतो, त्याची पट्टी कापून आतल्या भिंतीला गोल चिकटवा, कडा नीट दाबून. स्प्रे पेंट मारू नका, कितीही जण सांगोत, त्याची खपली निघून सेन्सरवर पडली की पुढचा त्रास वेगळाच. आणि हूड, म्हणजे लेन्सपुढची बाजूचा प्रकाश अडवणारी नळी, लावा, लांब हूड. छोट्या सेन्सरमुळे ५० मिमी लेन्स इथे १०० सारखी अरुंद बघते, त्यामुळे १०० मिमीला चालेल एवढा लांब हूड लावलात तरी कोपरे काळे होत नाहीत. एवढी सोय आहे आणि लोक हूड "दिसायला बरा नाही" म्हणून काढून ठेवतात, हे मला खरंच समजत नाही.

स्टॅबिलायझेशनचा आकडा

बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सेन्सर हलवून सावरायची सोय) असेल तर लेन्सची फोकल लेंथ हाताने भरावी लागते, कारण या लेन्सना कॅमेऱ्याशी बोलायला संपर्कच नाहीत. दोन चुका होतात. एक, कालची १३५ काढून आज ५८ लावली आणि आकडा बदललाच नाही, मग कॅमेरा गरजेपेक्षा जास्त हलवाहलव करतो आणि फोटो उलट हलतो. दुसरी, क्रॉप फॅक्टर (छोट्या सेन्सरवर लेन्स किती पट अरुंद बघते तो आकडा) शिकून आलेले लोक ५८ ला दोनाने गुणून ११६ भरतात. नाही. लेन्सवर छापलेला आकडाच भरायचा, क्रॉपचं कॅमेऱ्याला माहीत आहे. फक्त फोकल रिड्यूसर (लेन्सचं चित्र छोट्या सेन्सरवर आक्रसून देणारा अॅडाप्टर) वापरत असाल, ०.७१ वाला, तर गुणाकार करायचा, ५० ची साधारण ३६ होते. मी लेन्सच्या मागच्या झाकणावर मार्करने आकडा लिहून ठेवलाय, झाकण काढलं की तो दिसतो आणि हात आपोआप मेनूत जातो.

रिड्यूसरवरून आठवलं, त्याच्या आत काच असते, आणि काही लेन्सचा मागचा भिंग इन्फिनिटीला आणखी आत शिरतो. बसवताना रिंग जवळच्या फोकसवर ठेवा आणि मग हळूहळू इन्फिनिटीकडे न्या, कुठे टेकतंय असं वाटलं की थांबा. ज्युपिटर-१२ सारख्या लेन्सचा मागचा भाग तर इतका बाहेर आलेला असतो की आपल्या बॉडीत तो मावतो का हे मोजल्याशिवाय फिरवायचीच नाही.

बाकीच्या, पटापट

शटर दाबलं तर काहीच होत नाही: कॅमेरा बिघडलेला नाही. मेनूत लेन्स नसतानाही शटर चालू ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करा. या प्रश्नाचे फोन मला रात्री अकराला आलेत.

"वाइड हवी म्हणून २८ घेतली": मायक्रो फोर थर्ड्सवर ती ५६ सारखी दिसते, एपीएस-सी वर ४२ सारखी. वाइडसाठी तुमची किट लेन्सच (कॅमेऱ्याबरोबर आलेली) वापरा, जुन्या लेन्सची मजा ५० ते १३५ मध्ये आहे.

एम३९, म्हणजे ३९ मिमीचे स्क्रू माउंट, सगळे एकच नाहीत. आटे सारखे, पण लायकाच्या स्क्रू माउंटचं अंतर २८.८ मिमी आणि जुन्या झेनिटच्या एम३९ चं ४५.२. विकणाऱ्याला विचारा लेन्स रेंजफाइंडरची (आरसा नसलेल्या जुन्या कॅमेऱ्याची) की एसएलआरची (आरशाच्या कॅमेऱ्याची).

कॅनन एफडी लेन्सची अॅपर्चर रिंग फिरते पण आतली, भोक लहान-मोठं करणारी पाती हलत नाहीत: अॅडाप्टरवरची रिंग ओपनवर ठेवून लेन्स बसवा, मग लॉककडे फिरवा.

निकॉनच्या जी लेन्सना अॅपर्चर रिंगच नसते, साध्या अॅडाप्टरवर अॅपर्चर बदलणार कसं? घ्यायच्या आधी बघा.

हेलिओस ४४-२ च्या पात्यांवर तेल दिसलं म्हणून लोक सौदा मोडतात. ती प्रीसेट लेन्स आहे, पाती हाताने फिरतात, स्प्रिंग नाही, थोड्या तेलाने काही अडत नाही. ऑटो अॅपर्चरच्या लेन्सवर मात्र तेल म्हणजे पाती अडकणार, तिथे भाव पाडा नाहीतर सोडा.

ऑटो अॅपर्चरच्या एम४२ लेन्सच्या मागे दाबली की अॅपर्चर बंद करणारी पिन असते, तिला फेविक्विक लावून कायमची दाबून टाकणारे आहेत. कृपा करा, पिन दाबणारा कडा असलेला अॅडाप्टर तेवढ्याच पैशात मिळतो.

फोकस पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधल्या कडांवर कॅमेरा दाखवतो त्या, लाल रेघांवर विसंबू नका. एफ/२ ला पापणी, भुवई, डोळा तिन्ही लाल होतात आणि फोकस कानावर असतो. झूम करून डोळ्याची बुबुळं बघा. दोन सेकंद जास्त लागतात, लागू द्या.

जड लेन्स असेल तर हातात लेन्स धरा, बॉडीला लोंबकळत ठेवू नका.

आणि पावसाळा

मुंबई-कोकणातल्या लोकांनी हे नक्की वाचा. जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून समोरून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंची नक्षी दिसली की ती बुरशी. वरवरची पुसून जाते, पण काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर ते परत येत नाही. लेन्सबरोबर आलेली चामड्याची पेटी कितीही सुंदर असली तरी तिच्यात लेन्स ठेवू नका, ती ओल धरते. तांदळाच्या डब्यातही नको, तांदळाची पूड फोकस रिंगमध्ये शिरते आणि ओल फारशी शोषली जात नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रता मीटर, काटा ४० ते ५० च्या मध्ये. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परतून घ्यायचे, खिडकी उघडी ठेवून, आणि ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही.

ताकुमार ५० एफ/१.४ ची थोरियमवाली (काचेत थोरियम असलेली) आवृत्ती असेल आणि काच चहासारखी पिवळी झाली असेल तर ती बुरशी नाही, घाबरू नका. दोन्ही झाकणं काढून, खाली चांदीचा कागद ठेवून, खिडकीत उन्हाला काही दिवस ठेवली की पिवळेपणा उतरत जातो. फक्त घरी कुणी असतानाच ठेवा आणि आसपास पडदा, कागद काही नको. भिंग आहे ते, सूर्याचा ठिपका जिथे पडेल तिथे जाळेल. मी सकाळी नऊला ठेवतो, बाराला उचलतो, माझ्या लेन्सला तीन आठवडे लागले.