उरलेल्या लोकरीचा अंदाज चुकतो कुठे?

निफाडकडे पारा उतरल्याच्या बातम्या आल्या की नाशिकच्या घराघरांतून सुया आणि उरलेल्या लोकरीची पिशवी बाहेर निघते. आणि बाहीचे चार बोटं विणायचे राहिले असताना लोकर संपते.

पहिली चूक म्हणजे गोळा हातात दाबून "होईल एवढ्यात" म्हणणं. सैल गुंडाळलेला गोळा मोठा दिसतो, घट्ट गुंडाळलेला लहान. आकारावर जाऊच नका. वजन करा. लेबलवर १०० ग्रॅमला २१० मीटर लिहिलं असेल आणि काट्यावर ३७ ग्रॅम भरले, तर ३७ गुणिले २.१, म्हणजे जवळजवळ ७८ मीटर. लेबल हरवलंय? दहा मीटर धागा न ताणता मोजा, त्याचं वजन घ्या आणि तोच हिशेब लावा. फक्त दहा मीटर जेमतेम तीन-पाच ग्रॅम भरतात, तिथे स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा फसवतो. सराफाकडे असतो तसा बारीक काटा मिळाला तर उत्तम, नाहीतर चाळीस मीटर मोजा. आतली पुठ्ठ्याची नळी काढायला विसरू नका.

खरी लोकर हवेतली ओल भरपूर शोषते. त्यामुळे श्रावणात केलेलं वजन जानेवारीच्या हिशेबाला धरू नका. बाजारात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक. त्याला ही भानगड नाही.

मीटर कळले तरी ओळी किती होतील ते कळत नाही. त्यासाठी गोळ्याचं वजन करून दहा ओळी विणा, पुन्हा वजन करा. ६४ चे ५२ झाले तर ओळीला १.२ ग्रॅम, म्हणजे अजून ४३ ओळी. एकाच ओळीवर हा प्रयोग करू नका, काट्याची चूक ओळीपेक्षा मोठी निघते. नमुना साधा घेऊन पुढे वेणी घालणार असाल तर हिशेब पुन्हा करा; वेणी जास्त लोकर खाते. टाके बंद करायला रुंदीच्या चौपट धागा आधीच बाजूला धरा.

टोकापासून वाढत जाणाऱ्या तिकोनी शालीत तर हमखास गफलत होते. अर्ध्या ओळी झाल्या तेव्हा जेमतेम पाव लोकर संपलेली असते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. उलट अर्धी लोकर संपली की सत्तर टक्के ओळी झालेल्या असतात. एवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

बाह्यांसाठी लोकर वजनाने दोन सारखे भाग करा, किंवा दोन्ही एकदमच सुयांवर घ्या. कमी पडणारच असं दिसलं, तर मेनरोडवर तोच रंग मिळेल या भरवशावर थांबू नका, लॉट बदलला की छटा बदलते. गळा आणि मनगटाच्या पट्ट्या सरळ वेगळ्या रंगाच्या घ्या. मुद्दाम केल्यासारखं दिसतं.