उत्तर भारतीय लग्नाला पहिल्यांदा जाताना

आपल्या पत्रिकेवर मुहूर्त मिनिटासह छापलेला असतो आणि त्याआधी कार्यालयात पोहोचणे हा शिष्टाचार मानला जातो. दिल्ली, लखनौ किंवा पाटण्याकडच्या लग्नाला जाताना मात्र ही सवय बाजूला ठेवावी. तिथल्या पत्रिकेत ‘बारात आगमन’ सायंकाळी ७ वाजता असे लिहिलेले असले, तरी वरात नाचत दाराशी येईपर्यंत ९ किंवा १० वाजणे नेहमीचेच आहे. त्यानंतर स्वागत व जयमाला होते, वधूवर मंचावर बसतात आणि बहुतेक पाहुणे त्यांना भेटून, जेवून घरी परततात. कन्यादान, फेरे आणि सिंदूरदान हे खरे लग्नविधी बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्याहूनही उशिरा होतात.

इतक्या लांबून गेलेल्या माणसाने जयमालेनंतर परतू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दुपारी झोप काढावी आणि फेऱ्यांना थांबावे. तिथे आपल्यासारखा अंतरपाट किंवा मंगलाष्टके नसतात, पण मंडपाजवळ उरलेली मोजकी घरची माणसे, अग्नी आणि बायकांची विवाहगीते यांत त्या लग्नाचा गाभा असतो. उत्तर प्रदेश आणि बिहारकडे वधूपक्षाच्या बायका वरपक्षाच्या मंडळींची नावे घेऊन ‘गारी’ गातात. ती मानाची थट्टा आहे, तिचा राग मानू नये.

आपण कोणत्या पक्षाचे पाहुणे आहोत, हे आधीच विचारून घ्यावे. वरपक्षाचे असल्यास वरातीसोबत चालणे आणि नाचणे अपेक्षित असते, तर वधूपक्षाचे असल्यास दाराशी स्वागताला उभे राहावे. पंजाबी घरांत ‘मिलनी’च्या वेळी दोन्हीकडचे समान नात्याचे लोक एकमेकांना हार घालतात, तेव्हा पुढे गर्दी करू नये. वधूचे आईवडील पुष्कळदा कन्यादानापर्यंत उपाशी असतात. त्यांना जेवणाचा आग्रह करू नये.

आहेर म्हणून बंद लिफाफ्यात ५०१ किंवा ११०१ असा शगुन द्यावा आणि वर आपले नाव स्पष्ट लिहावे, कारण त्याची नोंद ठेवली जाते. काळे व पांढरे कपडे टाळावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत समारंभ उघड्या लॉनवर असला, तर रेशमी साडीवर उबदार शाल हवीच. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचे रात्रीचे तापमान अनेकदा १० अंशांखाली जाते.

शीख विवाह, म्हणजे आनंद कारज, सहसा दिवसा गुरुद्वारात होतो. तेथे स्त्रीपुरुष सर्वांनी डोके झाकावे, पादत्राणे बाहेर काढावीत आणि चारही लावां, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबभोवतीच्या प्रदक्षिणा, पूर्ण होईपर्यंत शांत बसावे.

पहाटे विदाई होते. वधू माघारी न पाहता डोक्यावरून तांदूळ मागे टाकते आणि आई ते पदरात झेलते. त्या क्षणी मोबाइल खिशात ठेवावा आणि घरच्यांना वाट मोकळी करून द्यावी.