उन्हाळ्यातली रंगीत कुंडी, तीही फुलांशिवाय

भर उन्हाळ्यात कुंडीतली बरीच फुलझाडं मान टाकतात. अशा वेळी अंगणात किंवा गच्चीत रंग हवा असेल तर पानांवर भिस्त ठेवावी. फूल चार दिवसांत गळतं. कोलियस या रंगीबेरंगी पानांच्या झाडाचं पान मात्र आठवडेच्या आठवडे टिकतं.

आधी ऊन बघा, मग झाड आणा. एक दिवस सकाळी, दुपारी, संध्याकाळी जागेवर किती ऊन येतं ते पाहून ठेवा. भरपूर ऊन असेल तर क्रोटन, पर्पल हार्ट, रताळ्याचा शोभेचा वेल. क्रोटनला ऊन कमी पडलं की नवी पानं हिरवट येऊ लागतात. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली असेल तर कोलियस. जवळजवळ दिवसभर सावली असेल तर कॅलेडियम. माझं पहिलं कॅलेडियम हौसेनं भर उन्हात ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत पानांचा पांढरा भाग तपकिरी कागदासारखा झाला. नवीन आणलेलं झाडही एकदम उन्हात नको. आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या.

कुंडी भरणं. दोन-तीन झाडं एकत्र लावायची तर निदान 12 इंची कुंडी घ्या, शक्यतो फिक्या रंगाची, कारण काळी कुंडी उन्हात तापते. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत. तळाशी खड्यांचा थर देणं मी सोडून दिलंय: त्यानं निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा जाते. भोकावर खापराचा तुकडा पुरे. एक उंच, एक झुपकेदार, एक कडेवरून लोंबणारं अशी मांडणी छान दिसते, पण तिघांची उन्हाची आणि पाण्याची गरज सारखी हवी.

पाणी. सकाळी द्या, तळातून बाहेर येईपर्यंत. दुपारी कोलियस मलूल दिसलं की लगेच झारी उचलू नका. मातीत बोट खुपसा. इंचभर आत ओल असेल तर संध्याकाळी पानं आपोआप सावरतात. मातीवर वाळक्या पाचोळ्याचा थर पसरला की ओल टिकते.

खुडणं. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. कोलियस वीतभर झालं की शेंडा दोन बोटांत धरून पानांच्या जोडीच्या अगदी वर खुडा. थोड्याच दिवसांत त्या जोडीच्या बेचक्यातून दोन कोंब डोकावतील. ते वाढले की त्यांचेही शेंडे खुडा. निळसर तुरे दिसले की काढून टाका. ते राहू दिले तर झाड उंच होऊन खालून उघडं पडतं. रंगीत झाडावर एखादी फांदी निव्वळ हिरवी आली तर तीही जिथून फुटली तिथूनच कापा. हरितद्रव्य जास्त असल्यानं ती जोमानं वाढते आणि बाकीच्यांना झाकून टाकते.

खत हात राखूनच द्या. नत्र जास्त झालं की पानं हिरवट पडतात, फांद्या लुसलुशीत होतात.

कोरड्या उन्हाळ्यात पानांमागे लाल कोळी येतात, बेचक्यात पिठ्या ढेकूण. पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग कडुनिंबाचं तेल, तेही ऊन उतरल्यावर. कॅलेडियम चघळलं तर तोंडाची आग होते आणि क्रोटनचा चीक अंगाला चुरचुरतो, म्हणून लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असेल तर या कुंड्या उंचावर ठेवा.

खुडलेले कोलियसचे शेंडे टाकू नका. खालची पानं काढून ग्लासभर पाण्यात उभे करा. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसली की पुढची कुंडी तयार.