कायदा बनवू नका, करा!

पानं तपासायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. माणसं बदलली, लेखणीची जागा कळफलकाने घेतली, पण कायद्याच्या बातम्यांतल्या चुका तशाच राहिल्या.

पहिली चूक, आणि माझी सगळ्यात नावडती: 'सरकारने नवा कायदा बनवला.' मराठीत कायदा करतात. ठराव करतात, नियम करतात, करार करतात, तसाच कायदाही करतात. बनवणं ही हिंदीची उसनवारी. आपल्याकडे 'त्याने मला चांगलंच बनवलं' म्हणजे काय ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे 'संसदेने कायदा बनवला' असं वाचलं की मला पुढे 'कोणाला?' असं लिहावंसं वाटतं.

याच्या उलट टोकाचे लोकही भेटतात. साधं लिहिलं तर अडाणी दिसू, या भीतीने ते 'कायदा अधिनियमित करण्यात आला' लिहितात. कायद्यालाच सरकारी मराठीत अधिनियम म्हणतात, म्हणजे हे झालं 'कायदा कायदा करण्यात आला'. हल्ली मोबाइलमध्ये इंग्रजी मजकूर टाकून आयती मराठी उचलायची सवय आहे, तिथून हे जास्त येतं. घाई, दुसरं काय. अशा पोरांना मी राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेट, उघडायला लावतो. महाराष्ट्राच्या कोणत्याही अधिनियमात सुरुवातीलाच, भारतीय गणराज्याचं कितवं वर्ष ते सांगून, 'याद्वारे, पुढील अधिनियम करण्यात येत आहे' असं असतं. खुद्द विधिमंडळाला 'करणे' पुरतं, मग आपल्याला का पुरू नये?

दुसरी चूक महागात पडते, आणि ती मी स्वतः केली आहे. 2017 च्या पावसाळी अधिवेशनात दुकाने व आस्थापनांचं नवं विधेयक संमत झालं. रात्रपाळीत बातमी आली, मथळा होता 'दुकाने आता रात्रभर उघडी, कायदा लागू'. मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, अर्धविराम पाहिला आणि पान सोडलं. तीन-चार दिवसांनी एका आइस्क्रीमवाल्याचा फोन. त्याने कात्रण गल्ल्यावर चिकटवून रात्री दीडपर्यंत दुकान चालवलं होतं. बीटचा हवालदार आला, त्याला कात्रण दाखवलं. तो म्हणाला, "कायदा पेपरात आला असेल, चौकीत यायचाय अजून." आइस्क्रीमवाला माझ्यावर भडकला होता, आणि त्याचं बरोबर होतं. हवालदाराचंही बरोबर होतं. तो कायदा अंमलात आला 19 डिसेंबर 2017 ला. वर त्यातली बहुतेक कलमं तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना होती. या गृहस्थांकडे माणसं तीन, त्यांतला एक मेहुणा.

तेव्हापासून क्रियापदांची साखळी मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवली आहे. विधेयक मांडतात. चर्चा होऊन ते संमत होतं. राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती मिळाली, की कायदा होतो. राजपत्रात प्रसिद्ध होतो. आणि अंमलात येतो तो अंमलात येण्याच्या तारखेला. संमत आणि संमती हे शब्द जुळ्या भावांसारखे दिसतात, पण पहिलं काम सभागृहाचं, दुसरं राज्यपालांचं किंवा राष्ट्रपतींचं. शेवटच्या तारखेसाठी मी पहिलं कलम वाचतो. 'शासकीय राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल' असं तिथे दिसलं, की 'लागू' हा शब्द खोडतो आणि बातमीदाराला उठवतो. भारतीय न्याय संहिता घ्या. डिसेंबर 2023 मध्ये संसदेत संमत झाली, त्याच महिन्याच्या 25 तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली, अंमल सुरू झाला 1 जुलै 2024 ला. मधल्या सहा महिन्यांत 'नव्या संहितेनुसार गुन्हा दाखल' असं छापलं तर काय अनर्थ होतो, ते वेगळं सांगायला नको.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या.

जीआर निघतो. तो शासन निर्णय असतो, कायदा नव्हे.

वटहुकूम निघतो, संमत होत नाही; अधिवेशन चालू नसताना काढतात म्हणूनच तर तो वटहुकूम. जादूटोणाविरोधी वटहुकूम ऑगस्ट 2013 मध्ये निघाला, विधेयक संमत झालं डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात. या दोन तारखांची सरमिसळ मी निदान दहा वेळा दुरुस्त केली असेल.

गोव्याच्या बातमीत 'दोन्ही सभागृहांनी' लिहू नका. तिथे विधानपरिषद नाही.

'विधीमंडळ' नव्हे, विधिमंडळ. एकटा विधी दीर्घ, समासात गेला की ऱ्हस्व. दीर्घ विधी पाहिला की मला भटजी आणि समिधाच आठवतात.

आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'पार्किंगचा नवा कायदा पास केला' अशी पाटी लिफ्टजवळ लावू नये. सोसायटी ठराव करते. आमच्या इमारतीत ही पाटी अजून आहे. मी पेनने दुरुस्ती केली होती, तर शंभर रुपये दंडाचा ठराव झाला. निदान त्या ठरावात 'करण्यात आला' असं लिहिलं होतं.