पळायच्या बुटातला इनसोल: निवडायचा कसा अन् टिकवायचा कसा

परभणी असो, बीड असो का जालना, पोलीस भरतीची पोरं पहाटे अंधारातच ग्राउंडवर पळायलेली दिसतात. बूट कोणता घ्यायचा यावर तासभर चर्चा करतील, पण आत जो इनसोल म्हणजे सुकतळा असतो, ज्याच्यावर पाय खरा टेकतो, तो कुणी बाहेर काढून बघत नाही. अन् मग टाच दुखायली, चवडा जळायला म्हणून नवा बूट घ्यायला जातात.

तर आधी तुमच्या बुटातला इनसोल बाहेर काढा. बऱ्याच रनिंग शूजमधी तो नुसता ठेवलेला असतो, टाचेकडून धरून ओढला की निघतो, चिकटवलेला असंल तर जबरदस्ती करू नका. उजेडात धरून बघा. टाचेखाली अन् अंगठ्याखाली काळपट खळगा पडलेला दिसंल, तिथं अंगठ्यानं दाबा, लगेच वर आला तर त्यात अजून जीव आहे, दबलेलाच राहिला तर तो संपला. दोन्ही पायांचे शेजारी शेजारी ठेवून बघा, एकाच पायाचा आतल्या बाजूनं जास्त दबलेला असंल तर तुम्ही त्या पायावर वेगळा भार टाकायलात हे तिथंच कळतं.

अन् त्याच वेळी बूट पण तपासा, काहून की बूटच मेलेला असंल तर हजाराचा इनसोल टाकून काही होत नाही. रनिंग शूज साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात, वजन जास्त असंल किंवा रोज डांबरीवर पळत असाल तर त्याच्याही आधी जातात. बाजूच्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्यात, तळ टाचेला एका बाजूनं घासलाय, मग पैसे बुटालाच लावा.

आता निवडायचं. दुकानात अंगठ्यानं दाबून जो सगळ्यात मऊ लागतो तो लोक उचलतात, अन् हीच सगळ्यात मोठी चूक आहे. मेमरी फोम उभं राहिल्यावर लई भारी वाटतो, पण पळताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो अन् तेव्हा तो पार चपटा होऊन जातो. जेल टाचेला बरा वाटतो पण जड असतो, अन् आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाय गरम पण होतो. ईव्हीए फोम हलका, स्वस्त, पण लवकर बसतो. पीयू फोम थोडा जड पण बरेच दिवस उसळी टिकवून धरतो. रोज पळणाऱ्यानं माझं ऐकायचं तर पीयू, किंवा खाली कडक प्लास्टिकची वाटी अन् वर पातळ फोम असलेला घ्यावा, टाच त्या वाटीत नीट बसते अन् हलत नाही.

तळव्याच्या कमानीचं, म्हणजे आतल्या बाजूच्या उंचवट्याचं, बघायला पाय ओला करून शहाबादी फरशीवर नाहीतर पेपरवर ठेवा. अख्खा तळवा उमटला तर कमान कमी, टाच अन् चवडा यांच्यात बारीकच पट्टी उमटली तर कमान उंच. हा नुसता अंदाज आहे बरं का. सपाट पाय म्हणजे आजार नाही, काही दुखत नसंल तर उगं उंच आर्च सपोर्टचा, म्हणजे कमानीला खालून टेकू देणारा, इनसोल घालून नवीन दुखणं विकत घेऊ नका. अन् आर्मीच्या मेडिकलला फ्लॅट फूट बघतात म्हणून काही पोरं इनसोल घालून कमान तयार व्हायची वाट बघतात, तसं होत नसतं. टाचा उचलून चवड्यावर उभं राहा, तेव्हा कमान दिसली तर पाय लवचिक आहे, नाही दिसली आणि दुखतंय पण, तर हाडाच्या डॉक्टरला दाखवा.

घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात, अन् पळायचे मोजे, बूट, जुना इनसोल सगळं सोबत न्या. जुन्यावर नवा टाकायचा नाही, जुना काढूनच नवा टाकायचा, जाडी पण जवळपास तेवढीच पाहिजे. जाड टाकला की टाच वर येते, बूट मागून निसटायला लागतो, पुढं बोटं दबतात अन् नख काळं पडतं. उभं राहून अंगठ्यापुढं बोटभर जागा राहिलीच पाहिजे.

कापायचा असंल तर जुना त्याच्यावर ठेवून पेननं आखा अन् रेषेच्या बाहेरून कापा, बुटात घालून बघा, मग परत थोडं. फक्त पुढचा भाग कापायचा, टाचेला कात्री लावायची नाही.

नवा इनसोल घालून पहिल्याच दिवशी १६०० मीटर फुल दाबून पळू नका. दोन-तीन दिवस नुसतं चाला, मग हळू छोटी रनिंग, दोनेक आठवड्यात पाय सरावतो. ग्राउंडच्या, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीच्या, तारखेच्या तोंडावर तर काहीच बदलू नका, १६०० ला २० मार्क आहेत, मुलींना ८०० ला तेवढेच.

सकाळी उठल्यावर पहिलंच पाऊल टाकताना टाचेत कळ येत असंल तर ते बऱ्याचदा प्लांटर फॅसायटिस, म्हणजे तळपायाखालच्या जाड पट्ट्याचं दुखणं, असतं, त्यात टाचेला आधार देणारा इनसोल अन् पोटऱ्यांचं स्ट्रेचिंग दोन्ही लागतं, नुसत्या इनसोलवर सोडू नका. घरात कुणाला शुगर असंल अन् तळपाय बधिर होत असंल तर त्यांना दुकानातला कुठलाही इनसोल आणून देऊ नका, टोचलेलं त्यांना कळत नाही अन् जखम चिघळते. डॉक्टरला विचारूनच घ्या.

निगा राखणं सोपं आहे पण रोजचं आहे. पळून आलं की इनसोल काढून भिंतीला उभा करायचा, बुटात ठेवला की घाम तिथंच मुरतो अन् वास त्यातूनच येतो. काळ्या मातीचा चिखल लागला तर ओला असताना घासू नका, फोममधी आत जातो, वाळू द्या मग झटका. धुवायला बादली लागत नाही, लातूरला २०१६ मधी रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आपल्याला पाण्याची किंमत सांगायला नको. एक-दोन मग गार पाणी, थोडा शांपू, जुना टूथब्रश, बस. भिजत घालायचा नाही, मशीनमधी टाकायचा नाही, पिळायचा तर अजिबात नाही, टॉवेलमधी दाबून पाणी काढायचं अन् सावलीत फॅनखाली ठेवायचा. मे महिन्यात ४२ च्या उन्हात गच्चीवर टाकला की तो शिळ्या भाकरीसारखा कडक होतो, कडा वळतात, वरचं कापड सुटतं. गाडीच्या डिक्कीत बूट ठेवले तरी तेच.

वास जाईना तर रात्री खायचा सोडा भुरभुरा अन् सकाळी झटकून टाका. पावसाळ्यात ओलाच परत घालू नका, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तेव्हा जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा अन् बुटात पेपरचे बोळे कोंबा.

दर महिन्याला एकदा अंगठ्यानं दाबून बघत जा. खळगा वर येईना झाला की बदला, पण जुना लगेच फेकू नका, पुढचा कापायला मापाला कामाला येतो.