पुरवणी प्रश्नावली आली? सांगलीत बसून ती कशी भरावी

कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचा अर्ज भरून महिना-दीड महिना झालेला असतो, बारावीची पूर्वपरीक्षा डोक्यावर असते आणि अचानक मेल येतो: तुमच्याबद्दल आणखी थोडी माहिती हवी आहे, सोबतची पुरवणी प्रश्नावली भरा. घरात लगेच दोन तट पडतात. आई विचारते, "म्हणजे ॲडमिशन झालं का?" वडिलांना वाटतं, एखादा कागद कमी पडला. दोघांचाही अंदाज चुकीचा असतो.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कले कॅम्पसमध्ये या प्रकाराला 'ऑगमेंटेड रिव्ह्यू', म्हणजे जादा माहिती मागवून केलेली तपासणी, म्हणतात. तिथं तुमची फाइल माणूस वाचतो. गुण दिसतात, निबंध दिसतात, पण निर्णय घ्यायला काहीतरी अपुरं वाटतं, अशा थोड्याच अर्जदारांना ही प्रश्नावली जाते. ती आली म्हणजे प्रवेश पक्का नाही आणि आली नाही म्हणजे नकारही नाही. बहुतेकांचा निर्णय तिच्याशिवायच होतो.

आधी मेल नीट ओळखा

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया काही अर्जदारांना पडताळणीसाठीही निवडते. त्यात तुम्ही लिहिलेल्या एखाद्या बक्षिसाचा किंवा कामाचा पुरावा मागतात. तिकडे दुर्लक्ष केलं तर अर्जच रद्द होऊ शकतो. तिथं फक्त कागद जोडायचा, गोष्ट सांगत बसायचं नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिजची पद्धत आणखी वेगळी. तिथं जादा माहितीचा फॉर्म प्रत्येक अर्जदाराला भरावा लागतो, त्यामुळे तो आला म्हणून हुरळून जायचं कारण नाही.

मेलमधल्या लिंकवर थेट क्लिक करू नका. अर्जदाराच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करा आणि तीच सूचना तिथं दिसते का ते बघा. 'प्रोसेसिंग फी भरा' असं लिहिलं असेल तर तो मेल खोटा समजा.

अर्ज कन्सल्टन्सीवाल्याने भरून दिला असेल, तर त्यात ईमेल कुणाचा टाकलाय ते आजच तपासा. त्याचाच असेल, तर ही सूचना तुमच्यापर्यंत यायला आठवडा जाऊ शकतो. पासवर्ड आपल्याकडे हवा. यात भीड नको.

मुदत आपल्या घड्याळात लिहा

मुदत तिथल्या वेळेनुसार रात्री 11:59 ची असते. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी 1:29. कॅलेंडरवर मात्र आदल्या दिवसावरच खूण करा. शेवटच्या तासाला पोर्टल रेंगाळतं आणि आपल्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नाही.

लिहिण्याआधी स्वतःचा जुना अर्ज वाचा

ही पायरी सगळे गाळतात. पाठवलेल्या अर्जाची प्रिंट काढा. चारही निबंध, प्रत्येकी 350 शब्दांपर्यंतचे, परक्या माणसाच्या नजरेनं वाचा आणि जिथं त्याला 'असं का?' हा प्रश्न पडेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. दहावीला 94 टक्के आणि अकरावीला 71, असं का? नववीपर्यंत वक्तृत्वाची बक्षिसं, पुढे काहीच नाही, असं का? प्रश्नावलीत बहुधा याच खुणांची उत्तरं हवी असतात, भले प्रश्नाचे शब्द वेगळे असोत.

अकरावीचे घसरलेले गुण ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. अकरावीला बोर्ड नसतं, जेईईचा क्लास सुरू झालेला असतो, कॉलेजची परीक्षा कुणी मनावर घेत नाही. तिकडे मात्र अकरावीचे गुण महत्त्वाचे धरतात आणि आपली ही रीत त्यांना ठाऊक नसते. ती दोन वाक्यांत सांगा. मराठी माध्यमातून किंवा सेमी-इंग्रजीतून एकदम इंग्रजी सायन्सला गेला असाल, तर पहिल्या सहामाहीत नेमकं काय अडलं तेही लिहा. हे रडगाणं नव्हे, माहिती आहे.

उत्तर लिहिताना

आपल्याला घरची परिस्थिती सांगायची लाज वाटते आणि एकदा सांगायला बसलो की आपण कीर्तनच लावतो. दोन्ही टाळा. काय घडलं, किती काळ चाललं, तुमच्या वाट्याला कोणतं काम आलं आणि अभ्यासावर काय परिणाम झाला, एवढंच हवं.

समजा, तासगावकडच्या एका मुलीच्या घरी बेदाण्याचं शेड आहे. तिच्या पहिल्या खर्ड्यात असतं: 'मी माझ्या कुटुंबाच्या शेती व्यवसायात मोलाचा हातभार लावते. त्यातून मला परिश्रमाचं महत्त्व समजलं.' हे वाक्य जिल्ह्यातली हजार मुलं लिहू शकतात. तिला विचारत गेलं की खरं हाती लागतं: 'फेब्रुवारी ते एप्रिल आमच्याकडे बेदाण्याचा हंगाम असतो. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरतात. वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मजुरांची हजेरी आणि पगाराची वही मी सांभाळली. ढग आले की कॉलेज सोडून घरी यावं लागे, कारण ओला झालेला माल काळा पडतो. अकरावीची वार्षिक परीक्षा त्याच हंगामात होती.' यात स्वतःची स्तुती कुठेच नाही. पण 71 टक्क्यांकडे आता कुणी वेगळ्या नजरेनं बघेल. (उत्तर इंग्रजीतच द्यायचं आहे. आधी मराठीत बोलून घेतलं की खरा तपशील लवकर सापडतो, म्हणून इथं मराठी.)

महापुराबद्दल जरा सांभाळून. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की आपण सामान माळ्यावर चढवतो. बर्कलेतल्या वाचकाला हे कळायचा मार्ग नाही. पण 2019 च्या पुरात तुम्ही पाचवी-सहावीत होता, म्हणून बारावीच्या अर्जात त्या पुराला ओढून आणू नका. पुरामुळे दुकान बुडालं, कर्ज झालं आणि ते फेडायला आजही घरातलं कुणीतरी बाहेरगावी राहतं, अशी साखळी असेल तर जरूर लिहा. नुसता पूर सगळ्यांनीच पाहिलाय.

शब्दमर्यादा पाळा. निबंधातलंच पुन्हा उगाळू नका आणि कुणाची तयार उत्तरं घेऊ नका. निबंध दुसरीकडून उचललेत का हे युनिव्हर्सिटी तपासते. आर्थिक अडचण लिहिली की फीमध्ये सूट मिळेल, हीही आशा नको. परदेशी विद्यार्थ्यांना तिथं गरजेनुसार मदत जवळपास मिळत नाही. पैशाची जुळणी वेगळी करावी लागेल आणि ते गणित घरात आत्ताच मांडलेलं बरं.

पत्रं आणि पहिल्या सत्राचे गुण

काही जणांना शिफारसपत्रं आणि बारावीच्या पहिल्या सत्राचे गुणही मागतात. बर्कलेत पत्रं जास्तीत जास्त दोन. मागितली नसतील तर पाठवू नका.

खरी अडचण इथं आहे. ज्यांचं कॉलेज फक्त हजेरीपुरतं आणि शिकणं क्लासमध्ये, त्यांना कॉलेजच्या सरांनी धड पाहिलेलंही नसतं. अशा सरांकडून 'अतिशय हुशार व नम्र विद्यार्थी' एवढंच मिळणार. त्यापेक्षा तुम्हाला ओळखणारे विज्ञान प्रदर्शनाचे सर किंवा एनसीसीच्या मॅडम बऱ्या. पत्र कुणाचं चालेल ते मेलमध्ये दिलेलं असतं, ते आधी वाचा. पत्र मागायला जाताना एका कागदावर तुमच्याबद्दलचे दोन-तीन खरे प्रसंग लिहून न्या. सरांचं काम हलकं होतं आणि पत्रात जीव येतो.

गुणांसाठी ऑफिसात गेलात की क्लार्क बोनाफाइड हातात ठेवतील. ते नको. लेटरहेडवर, विषयवार गुण, कमाल गुणांसह, इंग्रजीत, जावक क्रमांक, प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का, असं स्पष्ट सांगा. नमुना टाइप करून नेला तर एका फेरीत काम होतं. टक्क्यांचं जीपीए (तिकडची श्रेणी-सरासरी) करायला जाऊ नका. गुण कागदावर जसे आहेत तसेच द्यायचे. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का, तेवढं तिथंच उभ्या उभ्या बघून घ्या.

पाठवताना आणि नंतर

सबमिट केल्यावर पोचपावतीचं पान पीडीएफमध्ये ठेवा. त्यानंतर 'माझं उत्तर वाचलं का' असे मेल पाठवू नका. निकाल मार्चअखेरपर्यंत लागतो आणि मधल्या काळात तुमची प्रॅक्टिकल्स आणि बोर्ड आहे.

मुदत उलटून गेल्यावर मेल सापडला, तर प्रवेश कार्यालयाला चार ओळी लिहा: अर्ज क्रमांक, मेल कधी दिसला, आधी का दिसला नाही आणि उत्तर तयार आहे का. आजारपणाचं खोटं कारण देऊ नका. ते नाही म्हणाले, तर आहे त्या अर्जावरच निर्णय होईल.