जँगो पोस्टग्रेसच्या आधी उठतो तेव्हा

नव्या लॅपटॉपवर ‘डॉकर कंपोझ अप’ (सगळे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमचे वेगवेगळे डबे, एकदम सुरू करणारी आज्ञा) केलं की जँगो या वेब फ्रेमवर्कचा कंटेनर पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणी न झाल्याने ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून बंद पडायचा; दुसऱ्यांदा मात्र सुरळीत. नुसतं ‘डिपेंड्स ऑन’ (आधी तो, मग हा, असा क्रम लावणारी ओळ) कंटेनर सुरू झाला का एवढंच बघतं, आतला डेटाबेस तयार आहे का ते नाही. रिकाम्या व्हॉल्यूमवर (डेटा साठवायच्या जागेवर) पोस्टग्रेसला आधी सगळी मांडामांड करावी लागते, म्हणून उशीर.

पोस्टग्रेसला ‘पीजी इज रेडी’ या आज्ञेचा हेल्थचेक (तयार आहे का याची तपासणी) दिला, जँगोला ‘सर्व्हिस हेल्दी’ची, म्हणजे ती तपासणी पास होईपर्यंत थांबायची अट. यात एक खोच आहे: मांडामांडीच्या वेळचा तात्पुरता सर्व्हर फक्त युनिक्स सॉकेटवर (त्याच कंटेनरमधल्या आतल्या जोडणीवर) ऐकतो, नेटवर्कवर नाही, त्यामुळे साधी तपासणी खोटा होकार देऊ शकते. म्हणून तपासणीत होस्ट १२७.०.०.१ असा स्पष्ट लिहिला, म्हणजे ती नेटवर्कच्या वाटेनेच होते. ‘स्लीप १०’चा (दहा सेकंद नुसतं थांबायचा) जुगाड मला पटत नाही, संथ मशिनवर तो दगा देतो.